कोणत्या अळीतून कोणती माशी?



आज एका माशीबद्दल लिहिणार आहे. विषय वाचून आमच्या घरातली काही मंडळी म्हणतीलच, "निवृत्त झाल्यापासून काकांना माश्या मारण्याशिवाय काम उरलं नाही." म्हणोत बापडी. ही माशी ज्याच्या शेडमध्ये शिरते त्याला मात्र हसू येत नाही.

झाले असे की, माझ्या दोन पुतण्यांची शेती निलंग्याजवळ एकाच बांधाला लागून आहे. थोरल्याची तूर आणि हरभरा. धाकट्याने एक एकर तुती लावून रेशीमकिडे पाळायला सुरुवात केली आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या बॅचमध्ये त्याच्या मोठ्या अळ्यांच्या अंगावर काळे डाग दिसू लागले. काही अळ्या कोष करण्याआधीच मेल्या. काहींनी कोष केले, पण त्यांना भोके पडली. रॅकखाली आणि कोपऱ्यांत तांबूस तपकिरी, दाण्यासारखे काहीतरी सापडू लागले. जाणकारांनी सांगितले, ही उझी माशी.

धाकट्याचे मत पडले की माशी बांधापलीकडच्या तुरीतून येते, कारण तुरीवर तशाच करड्या, राठ केसांच्या माश्या त्याने पाहिल्या होत्या. त्याने थोरल्याला गळ घातली, "दादा, तुरीवर चांगलं जहाल औषध मार." थोरला म्हणाला, "मारतो, पण वारं फिरलं आणि तुझ्या तुतीवर पडलं, तर माझ्या नावानं बोंब मारायची नाही." दोघांत आठ दिवस अबोला. शेवटी धाकटा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, ही माशी येते कुठून तेवढं सांगा."

मी आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस. कीटकशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण प्रश्न घरातल्या दोन भावांचा होता, म्हणून वाचत गेलो, विचारत गेलो. तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न माणसाने फार जुन्या काळापासून विचारला आहे आणि त्याची उत्तरे वाचण्यासारखी आहेत.

आधी नावाचे बघू. 'उझी' हा शब्द आपला नाही, कानडी नाही आणि बंगालीही नाही. तो जपानी आहे. जपानी भाषेत 'उजी' म्हणजे माशीची अळी, म्हणजे जी कुजक्या वस्तूत वळवळताना दिसते ती. जपानात रेशीमकिड्यांना मारणाऱ्या माशीला हे नाव पडले. ससाकी चुजिरो या अभ्यासकाने तिचा जीवनक्रम शोधून १८८६ साली प्रसिद्ध केला. ती माशी तुतीच्या पानावर अगदी बारीक अंडी घालते, रेशीमकिडा पानाबरोबर ती गिळतो आणि शत्रू आयताच त्याच्या पोटात जातो.

आपल्याकडची उझी मात्र वेगळी. ती पानाच्या वाटेने जात नाही, थेट रेशीमकिड्याच्या अंगावर अंडे चिकटवते. नाव जपानी माशीचे आणि माशी हिंदुस्थानी! दोन्ही एकाच मोठ्या कुळातल्या. त्या कुळाला शास्त्रात टॅकिनिडी म्हणतात आणि जगभरात त्यातल्या साडेआठ हजारांवर जातींची नोंद झाली आहे. या सगळ्यांचा धंदा एकच, दुसऱ्या किड्याच्या पोटात वाढायचे आणि वाढ पुरी होता होता त्याला संपवायचे.

आपल्या उझीचे शास्त्रीय नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. त्या नावापुढे लुई हे नाव आणि १८८० हे साल लागते. हे लुई बंगालातल्या रेशीमउद्योगावर लिहिणारे. पण जुनी पुस्तके चाळली तर हीच माशी कुठे ट्रायकोलायगा बॉम्बिसिस म्हणून भेटते, कुठे एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स म्हणून. सॉर्बिलन्स हे नाव तर वीडमान नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८३० साली दिलेले. वाचणारा गोंधळून जातो. मला मात्र आमच्या निलंग्याची आठवण झाली. निजामाच्या राज्यात आमचा तालुका बीदर जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात आलो. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला आणि आम्ही लातूरचे झालो. पुढे उस्मानाबादचेही धाराशिव झाले. गाव जागचे हलले नाही, नीळकंठेश्वराचे देऊळही होते तिथेच आहे. पण जुना कागद वाचताना तो कोणत्या सालचा हे आधी बघावे लागते. माशीच्या नावाचेही तसेच.

आता ही माशी दक्षिणेत कशी आली ते ऐका. म्हैसूरकडे रेशीम रुजवले टिपू सुलतानाने, अठराव्या शतकाच्या अखेरीस. तिथपासून जवळजवळ दोनशे वर्षे म्हैसूरच्या रेशीमकऱ्यांना या माशीचा उपद्रव माहीत नव्हता. ती बंगालात होती. १९८० साली ती कर्नाटकात उतरली. बंगालातून आलेल्या कोषांबरोबर ती आली असे मानले जाते. कोषाच्या आत अळी दडलेली असली तर बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसणार? लुईंच्या सालापासून मोजली तर बरोबर शंभर वर्षे झाली होती. म्हणजे माशी कागदावर शतकभर ओळखीची होती, तरी दारात आली तेव्हा शेतकऱ्याला ती परकीच होती.

कर्नाटकातून पुढे ती शेजारच्या राज्यांत पसरली. आपल्याकडे रेशीम संचालनालय नागपुरात १९९७ साली सुरू झाले आणि मराठवाड्यात तुती हळूहळू वाढली. आमच्याकडचे शेतकरी कोष विकायला रामनगरपर्यंत जात. २०१८ मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली तेव्हा कुठे हा फेरा कमी झाला. विदर्भात टसरचे रेशीम आहे, ते ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसले जाते. त्या टसरच्या अळीलाही उझी आहे, पण ती पुन्हा वेगळीच, ब्लेफारिपा झेबिना नावाची. म्हणजे 'उझी' या एका शब्दाखाली तीन देशी-परदेशी माश्या नांदतात. नुसते 'उझी आली' म्हणून भागत नाही, कोणत्या किड्यातून आली हे सांगावे लागते.

आता मूळ प्रश्न. किड्यातून माशी निघते कशी?

आपल्याकडे याचे एक फार प्रसिद्ध उत्तर आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येते. त्यांतला शेवटचा गुरू म्हणजे पेशस्कृत, आपली कुंभारीण. ती किड्याला धरून आणते आणि मातीच्या घरात कोंडते. किडा भीतीने तिचेच अखंड ध्यान करतो आणि शेवटी तिच्याच रूपाचा होऊन बाहेर पडतो. पैठणच्या नाथांनी या स्कंधावरची आपली टीका १५७३ साली पूर्ण केली आणि तिच्यातून हा दृष्टान्त मराठी घराघरांत गेला. कीटभृंगी न्याय तो हाच. ज्याचे ध्यान करावे तसे आपण होतो, हा त्यातला बोध. तो बोध खरा आहे असे मी आजही मानतो. चांगल्या मास्तरांच्या हाताखाली वर्ष काढलेली मुले त्यांच्यासारखी बोलू लागलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

पण दृष्टान्तातले निरीक्षण बघा किती बारकाईचे आहे! कुणीतरी भिंतीवरच्या त्या मातीच्या घरट्याजवळ तासन् तास बसले असणार. अळी आत गेलेली पाहिली, तोंड लिंपलेले पाहिले आणि काही दिवसांनी तिथूनच पंखवाली बाहेर पडलेली पाहिली. फक्त एक गोष्ट दिसली नाही, कारण ती बंद घराच्या आत होती. कुंभारणीचे अंडे. अळी होती ती त्या अंड्यातून निघणाऱ्या पिलाची शिदोरी.

गंमत म्हणजे चीनमध्येही अगदी हीच समजूत होती. कुंभारीण अळीला दत्तक घेते आणि 'माझ्यासारखी हो' असे म्हणत राहते, मग अळी तिच्यासारखी होते, असे तिथले लोक मानत. दत्तक मुलाला तिथे त्या अळीचेच नाव पडले. ताओ होंगजिंग (४५६ ते ५३६) नावाच्या वैद्याने घरटे उघडून पाहिले आणि लिहून ठेवले की कुंभारीण स्वतःचे अंडे घालते, अळी हे पिलाचे खाद्य आहे. पुढे १०९६ च्या सुमारास लू दियान या चिनी पंडिताने रेशीमकिड्यावर अंडी घालणाऱ्या माशीबद्दल लिहिले. म्हणजे आमच्या धाकट्याच्या शेडमधल्या प्रकाराची नोंद नऊशे वर्षांपूर्वीची आहे.

युरोपातही लोक असेच चकले. इटलीतल्या अल्द्रोव्हांदीने १६०२ साली कोबीवरच्या अळीजवळ चिकटलेले पिवळे कोष पाहिले आणि ती अळीचीच अंडी समजला. हॉलंडमधल्या खूदार्त नावाच्या चित्रकाराने १६६० च्या दशकात घरी अळ्या पाळून त्यांची चित्रे काढली. त्याला एकाच प्रकारच्या अळीतून कधी फुलपाखरू निघाले, कधी माश्या. त्याने प्रामाणिकपणे दोन्ही चितारले आणि एका अळीला दोन तऱ्हेची संतती होते असे समजून घेतले. १६६८ मध्ये रेदी या इटालियन वैद्याने मांसाच्या भांड्यांवर कापड बांधून दाखवले की माशी बसली नाही तर अळ्या होत नाहीत. पण झाडाच्या गाठींतले किडे झाडातूनच जन्मतात असे त्यालाही वाटत होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस वालिस्नेरीसारख्या अभ्यासकांनी अंडी दाखवली आणि गुंता सुटला.

या सगळ्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता. प्रत्येकाने शेवट नीट पाहिला होता. सुरुवात ज्याने पाहिली त्याला खरे कळले.

आता पुन्हा आमच्या शेडमध्ये या. उझी माशी चौथ्या-पाचव्या अवस्थेतल्या मोठ्या रेशीमकिड्याच्या अंगावर पांढुरके, खसखशीच्या दाण्याहूनही लहान अंडे चिकटवते. दोन-तीन दिवसांत त्यातून अळी निघते आणि कातडी भेदून आत शिरते. श्वासासाठी ती आपले मागचे टोक त्या छिद्राशीच ठेवते, त्यामुळे तिथे काळा डाग पडतो. धाकट्याला दिसलेले काळे डाग हेच. आठवडाभरात ती वाढते आणि बाहेर पडते. रेशीमकिड्याने तोवर कोष केला असेल तर कोष फोडून. कोष म्हणजे हजार मीटरच्या आसपासचा एकच सलग धागा असतो. त्याला एक भोक पडले की तो उकलत नाही, आणि बाजारात त्याला भाव नाही. बाहेर पडलेली अळी फटीत, मातीत, रॅकखाली जाते आणि तिचा तो तांबूस दाणा होतो. दहा-बारा दिवसांनी त्यातून माशी. म्हणजे तीन आठवड्यांत नवी पिढी, आणि पुढची बॅच तिच्या स्वागताला तयार!

आणि तुरीतल्या माश्या? त्यांची हकिगत वेगळ्या ठिकाणी मिळाली. झहीराबादवरून हैदराबादला जाताना पाटणचेरू लागते. तिथे १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही आपली कोरडवाहू पिके हा तिचा विषय. तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे शेतांतून घाटेअळ्या वेचून आणल्या, त्यांना खायला घालून वाढवले आणि कोणत्या पिकावरच्या अळीतून काय निघते याच्या नोंदी ठेवल्या. नोव्हेंबर १९८१ मध्ये तिथे घाटेअळीवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यातही हे काम मांडले गेले.

त्यातली एक गोष्ट वाचून मी थक्क झालो. घाटेअळी एकच, पण ती कोणत्या पिकावर बसली आहे यावर तिचा वैरी ठरतो. हरभऱ्यावरच्या लहान अळ्यांतून मुख्यतः कॅम्पोलेटिस नावाची एक बारीक गांधीलमाशी निघाली. तुरीवरच्या अळ्यांतून मात्र माश्या निघाल्या, कार्सेलिया इलोटा, गोनिऑफ्थाल्मस हाली अशा नावांच्या. त्या उझीच्याच कुळातल्या. शेडमध्ये जी रेशीमकिडा खाते तिची ही चुलत भावंडे आमच्या तुरीतली शेंग पोखरणारी अळी खातात. एका भावाची चोर ती दुसऱ्या भावाच्या शेताची राखण करणाऱ्यांची नातलग.

हे मी दोघांना समोर बसवून सांगितले. पण नुसत्या सांगण्यावर शेतकरी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. म्हणून आम्ही जुनाच मार्ग धरला. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेतल्या. थोरल्याच्या तुरीतून चोवीस घाटेअळ्या आणल्या आणि एकेका बरणीत एकेक ठेवली, कारण ही अळी आपल्याच जातीला खाते. तोंडाला पातळ कापड, रोज ताज्या शेंगा. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: कुठून आणली, कोणत्या तारखेला, कोणत्या पिकावरून. धाकट्याच्या शेडमधले तांबूस दाणे वेगळ्या बरणीत. नात शाळेतून आली की पहिल्यांदा बरण्या मोजायची.

बहुतेक अळ्यांचे कोष झाले आणि पुढे पतंग. काही काळ्या पडून मेल्या. चार बरण्यांत मात्र अळी सुकली आणि शेजारी तपकिरी दाणा दिसला. दोन आठवड्यांनी त्यांतून करड्या, राठ केसांच्या माश्या निघाल्या. शेडमधल्या दाण्यांतूनही निघाल्या. दोन्ही शेजारी ठेवल्या तर माझ्यासारख्याला फरक सांगता येईना. पाठीवर काळसर पट्टे दोन्हींना. या कुळातल्या माश्या नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघडच, अंगावरच्या केसांची जागा आणि पंखांतल्या शिरा भिंगाखाली बघाव्या लागतात. आम्ही त्या चिठ्ठ्यांसकट एका कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांकडे नेल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितले की दोन्हींची जात वेगळी आहे. मग म्हणाले, "गुरुजी, माशीपेक्षा तुमची चिठ्ठी जास्त कामाची. कोणत्या अळीतून निघाली हे लिहिलेलं नसेल तर नुसत्या माशीला अर्धंच मोल."

निकाल असा की धाकट्याची माशी दादाच्या तुरीतून आलेली नव्हती. तिचे बस्तान त्याच्याच शेडच्या फटींत होते, आणि आसपासच्या शेडमधूनही ती येऊ शकते. तुरीवर जहाल औषध मारले असते तर उझीचे काही बिघडले नसते. तुरीची राखणदार माशी मेली असती आणि वाऱ्याने औषध तुतीवर गेले असते तर रेशीमकिडेही मेले असते. म्हणजे दोन्ही भावांचे नुकसान, आणि खरा चोर सुखरूप.

आता शेडच्या खिडक्यांना आणि दाराला बारीक नायलॉनची जाळी बसली आहे. फटी बुजवल्या. रोज झाडून निघालेले दाणे जाळून टाकतात. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने उझीवर नेसोलिंक्स थायमस नावाच्या चिमुकल्या गांधीलमाशीचा प्रसार केला आहे. ती उझीच्या त्या तांबूस दाण्यातच अंडी घालते आणि तिची पिले उझीला खातात. खाणाऱ्याला खाणारा! धाकटा पुढच्या बॅचला ती आणणार आहे. थोरल्याने तुरीत पक्षीथांबे उभे केले, निंबोळी अर्क मारला, आणि यापुढे औषध मारायचेच झाले तर आधी भावाला सांगायचे ठरले आहे. डाग असलेल्या अळ्या या बॅचमध्येही दिसल्या, पण मोजक्या. अबोला मात्र पूर्ण संपला, ते माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे.

मला मराठीचा मास्तर म्हणून एक रुखरुख राहिली आहे. आपल्या भाषेत गोमाशी आहे, गांधीलमाशी आहे, कुंभारीण आहे. मग पिढ्यान् पिढ्या आपल्या तुरीची राखण करणाऱ्या या करड्या माशीला नाव का नसावे? पुस्तकात तिला परोपजीवी मित्रकीटक म्हणतात, पण बांधावर उभा राहून कोणी तसे म्हणत नाही. माझी खात्री आहे की कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी तिचे नाव असणार. तुमच्याकडे आजी-आजोबा असतील, शेतात राबलेली मावशी-आत्या असेल, तर त्यांना एवढे विचारा आणि मला कळवा. गाव आणि पीक लिहायला विसरू नका.